आधी जागा विचारा: तोंडातल्या जखमा आणि एचपीव्ही

१९९५ साली तिरुवनंतपुरमच्या प्रादेशिक कर्करोग केंद्रातल्या संशोधकांनी पान-तंबाखू खाणाऱ्या रुग्णांच्या तोंडाच्या कॅन्सरचे ९१ नमुने तपासले. त्यांतल्या ७४ टक्के नमुन्यांत त्यांना ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही, सापडला. आठ वर्षांनी, २००३ साली, फ्रान्समधल्या ल्यों इथल्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा नऊ देशांतला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दक्षिण भारतातलीही केंद्रं होती. तोंडाच्या पोकळीतल्या कॅन्सरचे ७६६ नमुने तपासले गेले आणि विषाणूचा डीएनए मिळाला तो अवघ्या ३.९ टक्क्यांत.

विषाणू तोच, अवयव तोच, मग एवढी तफावत कुठून आली? गेल्या चाळीस वर्षांत या विषयावर शेकडो शोधनिबंध निघाले आहेत. ते ओळीने वाचत गेलं की लक्षात येतं, आकडा मनावर घेण्याआधी दोन गोष्टी विचारायला हव्यात. जखम तोंडात नेमकी कुठे होती, आणि विषाणू कोणत्या तपासणीने शोधला. हे न विचारता काढलेल्या निष्कर्षांनी अनेक रुग्णांना विनाकारण घाबरवलं आहे. आणि त्याहून वाईट गोष्ट ही, की आपल्याकडच्या खऱ्या कारणावरचं लक्ष त्यामुळे उडतं.

एचपीव्हीचे दोनशेहून अधिक प्रकार माहीत आहेत. सुमारे आठ हजार अक्षरांचा डीएनए आणि त्याभोवती प्रथिनांचं कवच, एवढाच त्याचा पसारा. त्वचेच्या किंवा आतल्या नाजूक आवरणाच्या सगळ्यात खालच्या थरातल्या पेशींत तो शिरतो, आणि तिथे पोचायला त्याला बारीकशी चीर किंवा ओरखडा लागतो. पुढे त्या पेशी वरवर सरकत पक्व होतात, तसतसा तोही वाढतो आणि वरच्या थरातून झडणाऱ्या पेशींबरोबर बाहेर पडतो. रक्तात तो फिरत नाही. ताप आणत नाही. बहुतेक वेळा अंगात येऊन गेल्याचा पत्ताही लागत नाही.

तोंडात त्याच्यामुळे ज्या गाठी उठतात, त्यांतल्या बहुतेक निरुपद्रवी असतात, आणि हे ठासून सांगायला हवं. सगळ्यात जास्त दिसतो तो पॅपिलोमा. मऊ टाळूवर, पडजिभेवर किंवा जिभेवर फुलकोबीच्या तुऱ्यासारखी, बहुधा देठ असलेली एकच छोटी वाढ. दुखत नाही, महिनोन्‌महिने आहे तशी राहते. तिच्यात सापडतात ते सहाव्या आणि अकराव्या क्रमांकाचे प्रकार. मुळासकट काढली आणि पॅथॉलॉजिस्टकडे तपासायला पाठवली की प्रकरण सहसा संपतं. बोटांवर येते तशी चामखीळ तोंडातही येते. तिच्यामागे दुसरा, चौथा असे त्वचेवरचे प्रकार असतात, आणि अंगठा चोखणाऱ्या किंवा नखं खाणाऱ्या मुलांत ती हातावरून ओठावर येऊ शकते. तिसरा आजार हेक यांच्या नावाने ओळखला जातो. १९६५ साली अमेरिकेतल्या मूळ रहिवासी मुलांत त्याचं वर्णन झालं. ओठांच्या आतून आणि जिभेवर मऊ, गुळगुळीत, आसपासच्याच रंगाचे अनेक उंचवटे येतात. त्यामागचे प्रकार तेरावा आणि बत्तिसावा. बरेचदा ते काही काळाने आपोआप विरतात. एचआयव्ही असलेल्यांत मात्र तोंडातल्या चामखिळी पुष्कळ आणि चिवट असतात. प्रभावी औषधं आल्यावर त्यांच्या तोंडातले बुरशीसारखे इतर आजार घटले, पण चामखिळी उलट वाढल्या, असं सॅन फ्रान्सिस्कोतल्या डॉक्टरांनी २००१ मध्ये नोंदवलं. याचं पूर्ण स्पष्टीकरण अजून मिळालेलं नाही.

या सगळ्या गाठींचा कॅन्सरशी व्यवहारात संबंध नाही. रिपोर्टवर ‘एचपीव्ही’ ही अक्षरं वाचून झोप उडालेल्या माणसाला डॉक्टरने पहिलं वाक्य हेच सांगितलं पाहिजे.

कॅन्सरशी नातं आहे ते मुख्यतः सोळाव्या क्रमांकाचं. जर्मनीतल्या हाराल्ड झुर हाउझेन यांच्या गटाने १९८३ मध्ये तो गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये वेगळा काढला, पाठोपाठ अठरावा काढला, आणि २००८ साली झुर हाउझेन यांना नोबेल मिळालं. या प्रकारांची दोन प्रथिनं पेशीचं नियंत्रण मोडतात. ई-६ हे पी-५३ या रखवालदार प्रथिनाचा नाश घडवून आणतं. ई-७ हे आरबी नावाच्या, पेशीविभाजनाला लगाम घालणाऱ्या प्रथिनाला बांधून निकामी करतं. आरबी निकामी झाल्यावर पेशीत पी-१६ नावाचं आणखी एक प्रथिन भरमसाट साचतं. पी-१६ची गोष्ट पुढे पुन्हा येणार आहे, कारण रुग्णाच्या हातातल्या रिपोर्टवर बहुधा तेच नाव असतं. इथे महत्त्वाचं एवढंच की विषाणू पेशीत नुसता हजर असणं पुरेसं नाही. ई-६ आणि ई-७ तिथे प्रत्यक्ष तयार होत असतील तरच त्याला कारण म्हणता येतं.

आता जागेचा प्रश्न. आपण सगळ्याला ‘तोंड’ म्हणतो, पण गालाचं आतलं आवरण, हिरड्या, जिभेचा पुढचा दोन-तृतीयांश भाग आणि जिभेखालची जागा ही झाली तोंडाची पोकळी. त्यामागे टॉन्सिल, जिभेचं मूळ, मऊ टाळू, म्हणजे घशाचा सुरुवातीचा भाग. आरशात जबडा पसरून पाहताना ही सीमा दिसत नाही, पण विषाणूच्या दृष्टीने ही दोन वेगळी ठिकाणं आहेत. गालाचं आवरण जाड, अनेक थरांचं असतं. टॉन्सिलमध्ये खोल खाचा असतात. त्या खाचांतलं आवरण विरविरीत, जागोजागी तुटक असतं, कारण बाहेरून आलेल्या जंतूंची ओळख प्रतिकारशक्तीला पटवून देणं हेच त्या अवयवाचं काम. तिथे खालच्या थरातल्या पेशी जवळजवळ उघड्या पडलेल्या असतात आणि विषाणूला ओरखड्याची वाट बघावी लागत नाही.

संशोधक मॉरा गिलिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली डोकं आणि मान या भागातल्या २५३ कॅन्सरचा अभ्यास छापला, तेव्हा हा फरक स्पष्ट झाला. एकूण गाठींत विषाणू सापडला २५ टक्क्यांत, पण घशाच्या या भागातल्या गाठी वेगळ्या काढल्या तर अर्ध्याहून अधिकांत. त्यातही सोळावा प्रकार जवळपास सगळीकडे. २००७ मध्ये आलेल्या पुढच्या अभ्यासात दिसलं की हा धोका तंबाखू आणि दारू यांपासून स्वतंत्र आहे, म्हणजे त्यांचं व्यसन नसलेल्यांतही तो दिसतो. ज्या देशांत धूम्रपान घटत होतं, तिथे टॉन्सिलचे कॅन्सर वाढत कसे आहेत, हे कोडं त्यातून उलगडलं. स्टॉकहोममध्ये १९७०च्या दशकात टॉन्सिलच्या कॅन्सरपैकी २३ टक्के विषाणूजन्य होते. २००६-०७ पर्यंत ते ९३ टक्क्यांवर गेले.

हा रुग्ण डॉक्टरकडे येतो तोही वेगळ्या तऱ्हेने. त्याच्या तोंडात बघितलं तर पुष्कळदा काहीच दिसत नाही. ना चट्टा, ना व्रण. दाढी करताना मानेला लागलेली, न दुखणारी गाठ हीच पहिली खूण असते, आणि ती साधी गाठ किंवा क्षयाची समजून महिने जातात. क्षय इतका सर्वसामान्य असलेल्या आपल्या देशात ही चूक होणं फार सोपं आहे. चाळिशी-पन्नाशीच्या माणसाच्या मानेत तीन आठवड्यांहून जास्त टिकलेली गाठ असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाने टॉन्सिल आणि जिभेचं मूळ दुर्बिणीने पाहायलाच हवं.

हा आजार तुलनेने जास्त बरा होतो, ही त्यातली आशेची बाजू. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत तीन वर्षांनंतर विषाणूजन्य गटातले ८२.४ टक्के रुग्ण हयात होते, दुसऱ्या गटातले ५७.१ टक्के. धूम्रपान जितकं जास्त तितका हा फायदा कमी, हेही त्याच चाचणीने दाखवलं. २०१७ पासून या कॅन्सरच्या पायऱ्याही वेगळ्या मोजल्या जातात. एवढे चांगले निकाल असतील तर उपचार सौम्य करता येतील का, हा विचार ओघानेच आला. पण सिस्प्लॅटिन या नेहमीच्या औषधाऐवजी सेटुक्सिमॅब हे नवं औषध वापरून पाहणाऱ्या दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल २०१८ मध्ये आले आणि नव्या औषधाच्या गटात जगण्याचं प्रमाण घटलेलं दिसलं. तेव्हापासून उपचार कमी करण्याबाबत डॉक्टर सावध आहेत, आणि ते योग्यच आहे.

सगळ्यात जास्त गोंधळ आहे तो तोंडाच्या पोकळीतल्या कॅन्सरपूर्व जखमांबद्दल. म्हणजे ल्युकोप्लाकिया नावाचा पांढरा चट्टा, त्याहून धोक्याचा लाल चट्टा, आणि सुपारीने तोंड उघडेनासं होणारा सब्म्युकस फायब्रोसिस. तोंडाच्या कॅन्सरमध्ये एचपीव्हीचा हात असावा, अशी शक्यता फिनलंडमधल्या स्युर्यानेन आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये मांडली आणि त्यानंतर जगभर शोध सुरू झाला. १९९०च्या दशकात डीएनएच्या एका तुकड्याच्या अब्जावधी प्रती काढणारी पीसीआर तपासणी प्रयोगशाळांत रुळली. तिची ताकद हीच तिची अडचण ठरली. लाळेतून आलेला, शेजारच्या नमुन्यातून उडालेला, वरवर बसलेला एखादा विषाणूसुद्धा ती पकडते. मुंबईत परळच्या कर्करोग संशोधन संस्थेतून १९९८ मध्ये आलेल्या अभ्यासात सोळावा प्रकार सापडला तो सुमारे १५ टक्के कॅन्सरमध्ये, पण कॅन्सरपूर्व जखमांत त्याच्या दुपटीहून जास्त, आणि वरून निरोगी दिसणाऱ्या आवरणातही जवळपास कॅन्सरइतकाच. मला हा अभ्यास फार बोलका वाटतो. विषाणू कॅन्सरचं कारण असता तर जखम पुढे सरकताना त्याचं प्रमाण टिकायला किंवा वाढायला हवं होतं.

सतत पसरत जाणाऱ्या, खडबडीत ल्युकोप्लाकियाच्या एका चिवट प्रकाराचंही असंच झालं. १९९५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांना ९ पैकी ८ रुग्णांत एचपीव्ही मिळाला आणि कारण सापडल्यासारखं वाटलं. पुढे इटली आणि स्पेनमध्ये नीट तुलना करून पाहिल्यावर ते नातं टिकलं नाही. तंबाखू चघळणाऱ्यांच्या गालात वाढणाऱ्या चामखीळवजा व्हेरुकस कार्सिनोमाबद्दलही तेच. दिसायला तो हुबेहूब विषाणूच्या वाढीसारखा, पण ई-६ आणि ई-७चा आरएनए, म्हणजे ती प्रथिनं प्रत्यक्ष तयार होत असल्याची खूण, शोधल्यावर हाती काही लागत नाही.

तरी २०११ मध्ये सगळे अभ्यास एकत्र करून झालेल्या विश्लेषणात कॅन्सर आणि कॅन्सरपूर्व जखमा या दोन्हींत विषाणू सापडण्याची शक्यता निरोगी आवरणाच्या सुमारे चौपट निघाली. हा आकडा खोटा नाही. पण त्यात डीएनए शोधणारे अभ्यास प्रामुख्याने आहेत, आणि तंबाखूने सोललेल्या, सतत भरून येणाऱ्या आवरणात विषाणूला शिरकाव सोपा असतो. तो जखमेमुळे आला की जखम त्याच्यामुळे झाली, हे त्या आकड्यातून कळत नाही. माझं मत असं, की आरएनएच्या कसोटीवर उतरणारा पुरावा येईपर्यंत गालातल्या पांढऱ्या चट्ट्याचं कारण म्हणून एचपीव्हीचं नाव घेऊ नये.

याला एक खरा अपवाद आहे आणि तो दुर्लक्षून चालणार नाही. जिभेच्या कडेला, खालच्या बाजूला किंवा जिभेखालच्या जागेत, बहुधा मध्यमवयीन पुरुषांत, एक विशिष्ट कॅन्सरपूर्व चट्टा येतो. सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या पूर्ण जाडीभर फुटलेल्या केंद्रकांच्या पेशी विखुरलेल्या दिसतात. त्यात सोळावा प्रकार खरोखर कामाला लागलेला असतो. संख्येने तो थोडा, पण पॅथॉलॉजिस्टला ओळखता यायला हवा.

आपल्याकडचं चित्र या पार्श्वभूमीवर पाहावं लागतं. २०२२च्या जागतिक अंदाजानुसार भारतात ओठ आणि तोंडाच्या पोकळीच्या कॅन्सरचे सुमारे १ लाख ४४ हजार नवे रुग्ण वर्षाला होतात आणि भारतीय पुरुषांत हा पहिल्या क्रमांकाचा कॅन्सर आहे. हे रुग्ण मुख्यतः गाल आणि हिरडी यांच्या खोबणीतले, जिथे तंबाखू-चुन्याची चिमूट तासन्‌तास दाबून ठेवली जाते. २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ धूररहित तंबाखू वापरत होते. विदर्भातला खर्रा, पश्चिम महाराष्ट्रातला मावा, बायकांची मिश्री, सगळं त्यात आलं. २०१२ पासून राज्यात गुटख्यावर बंदी आहे, तरी सुपारी आणि तंबाखूच्या वेगवेगळ्या पुड्या शेजारी शेजारी लटकतात आणि गिऱ्हाईक त्या हातावर एकत्र करतं. कारण शोधायला इथे फार लांब जावं लागत नाही. फली मेहता, येन्स पिंडबोर्ग, प्रकाश गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये महाराष्ट्रातल्या १,०१,७६१ गावकऱ्यांच्या तोंडांची पाहणी छापली होती. पुढे एर्नाकुलम, श्रीकाकुलम आणि भावनगर जिल्ह्यांत याच परंपरेतल्या अभ्यासकांनी दहा वर्षं लोकांचा पाठपुरावा केला, तेव्हा नवे कॅन्सर आणि कॅन्सरपूर्व जखमा जवळजवळ केवळ तंबाखू वापरणाऱ्यांतच आढळल्या. पन्नास वर्षांपूर्वीचं हे काम घरोघर जाऊन, तोंडात डोकावून झालं होतं. त्याच्यासमोर एखाद्या दवाखान्यातल्या चाळीस नमुन्यांवरचा पीसीआर अभ्यास ठेवून ‘भारतात तोंडाचा कॅन्सर विषाणूमुळे वाढतोय’ असं म्हणणं मला बेजबाबदार वाटतं. तंबाखू खाणाऱ्या माणसाला त्या वाक्यातून हवी ती पळवाट मिळते.

घशाच्या कॅन्सरचं काय? दिल्लीतल्या १०५ रुग्णांच्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे २३ टक्क्यांत एचपीव्ही होता. म्हणजे तो आहे, पण स्टॉकहोमइतका नाही. इथे पी-१६चा मुद्दा येतो. पी-१६ची रंगतपासणी स्वस्त आणि सोपी म्हणून विषाणूच्या ऐवजी तीच केली जाते, आणि किमान ७० टक्के पेशी गडद रंगल्या तर पॉझिटिव्ह धरतात. विषाणू जिथे सर्रास आहे तिथे हा अंदाज बहुधा बरोबर येतो. पण २०२३ मध्ये साडेसात हजारांहून अधिक रुग्णांवर छापलेल्या विश्लेषणात ९.२ टक्के रुग्णांत पी-१६ आणि प्रत्यक्ष विषाणू यांचं उत्तर जुळलं नाही, आणि अशा रुग्णांचं भवितव्य दोन्ही पॉझिटिव्ह असलेल्यांपेक्षा वाईट होतं. विषाणूजन्य आजार जिथे कमी तिथे ही विसंगती जास्त. भारतात घशाच्या गाठीत पी-१६ पॉझिटिव्ह आला तर पुढे विषाणूचीच तपासणी करायला हवी. गालाच्या कॅन्सरमध्ये मात्र पी-१६ सरसकट करण्यात रुग्णाचे पैसे जातात आणि उपचार बदलत नाही.

संसर्ग येतो मुख्यतः मुखमैथुनातून, आणि खोल चुंबनातूनही येत असावा. हे कळल्यावर घराघरात संशय शिरतो, म्हणून पुढची माहिती महत्त्वाची. अमेरिकेतल्या पाहणीत १४ ते ६९ वयाच्या ६.९ टक्के लोकांच्या तोंडात कुठला ना कुठला एचपीव्ही होता, पण सोळावा फक्त १ टक्क्यात. पुरुषांत प्रमाण बायकांच्या जवळजवळ तिप्पट, आणि सिगरेट ओढणाऱ्यांत जास्त. ब्राझील, मेक्सिको आणि अमेरिकेतल्या १,६२६ पुरुषांच्या पाठपुराव्यात नवा संसर्ग बहुधा वर्षभरात निघून गेला. कॅन्सर होतो तो वर्षानुवर्षं टिकून राहिलेल्या थोड्यांना, आणि मूळ संसर्ग काही दशकांपूर्वीचा असू शकतो. त्यामुळे आज निदान झालं म्हणून आजच्या जोडीदाराकडे बोट दाखवायला काहीही आधार नाही. लाळेतला विषाणू तपासून देणाऱ्या चाचण्या विकल्या जातात, पण निरोगी माणसाने त्या कराव्यात अशी शिफारस कुठलीही जबाबदार संस्था करत नाही. पॉझिटिव्ह आल्यावर करायचं काय, याला उत्तरच नाही.

उत्तर आहे ते लसीत, आणि एचपीव्हीविरुद्धच्या एकूण कामात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या १,३१,७४६ स्त्रियांवरच्या चाचणीत एचपीव्हीची एकच तपासणी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू निम्म्यावर आणू शकते, हे २००९ मध्ये सिद्ध झालं. ते काम बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाच्या आणि टाटा मेमोरियलच्या लोकांनी केलं. लसीच्या मात्रांचा भारतातला अभ्यास २०१० मध्ये सरकारी आदेशाने मध्येच थांबला आणि हजारो मुलींना एकच डोस मिळाला. त्यांच्या पाठपुराव्यातून एक डोसही सोळाव्या आणि अठराव्या प्रकाराच्या टिकाऊ संसर्गापासून उत्तम संरक्षण देतो हे कळलं, आणि २०२२ अखेर जागतिक आरोग्य संघटनेने एका डोसचा पर्याय मान्य केला. तोंडापुरतं बोलायचं तर कोस्टारिकामधल्या चाचणीत लस घेतलेल्या स्त्रियांच्या तोंडातला सोळाव्या-अठराव्याचा संसर्ग ९३ टक्क्यांनी कमी आढळला. २०२० मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने घशाच्या कॅन्सरपासून बचाव हाही लसीचा उपयोग म्हणून मंजूर केला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हावॅक २०२२ मध्ये मंजूर झाली. ती सहा, अकरा, सोळा आणि अठरा या चारही प्रकारांवर आहे आणि मुलग्यांनाही देता येते. तिच्यातले सहा आणि अकरा म्हणजे पॅपिलोमाचेच प्रकार. मुलींना ती मिळालीच पाहिजे, आणि ऐपत असलेल्यांनी मुलग्यांनाही द्यावी. मात्र खर्रा खाणाऱ्या पोराच्या गालाला ही लस काडीचंही संरक्षण देणार नाही. ते डॉक्टरने लस टोचतानाच सांगावं.

गालासाठी उपाय जुनाच आहे. तिरुवनंतपुरमजवळच्या चाचणीत प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी नुसतं तोंड तपासलं, तेवढ्याने तंबाखू किंवा दारू वापरणाऱ्यांतले तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने कमी झाले. हा निकाल २००५चा आहे. गावातली आशाताई बॅटरी आणि लाकडी पट्टी घेऊन हे करू शकते. दोन आठवड्यांत न बरा झालेला व्रण, खरवडून न निघणारा पांढरा चट्टा किंवा लाल डाग दिसला की तिने रुग्णाला पुढे पाठवायचं आणि तिथे तुकडा काढून तपासायचा. यात कुठेही विषाणूची तपासणी लागत नाही.

संशोधनाला मात्र अजून बरंच काम आहे, आणि त्याची सुरुवात नोंदीपासून होते. मुंबईच्या कर्करोग नोंदणीला साठ वर्षं झाली, बार्शीची ग्रामीण नोंदणी १९८७ पासून चालू आहे. जिभेच्या मुळाला आणि उरलेल्या जिभेला आंतरराष्ट्रीय संकेतात वेगळे क्रमांक आहेत. केसपेपरवर नुसतं ‘जीभ’ किंवा ‘घसा’ लिहिलेलं असलं की तो भेद नोंदणीत हरवतो. शल्यचिकित्सकाने गाठीची जागा नेमकी लिहिली, शेजारी तंबाखू, सुपारी आणि विडी किती वर्षं ते लिहिलं, आणि टॉन्सिल किंवा जिभेच्या मुळाच्या गाठीचा एक तुकडा आरएनए तपासणीसाठी राखून ठेवला, तर येत्या दहा वर्षांत महाराष्ट्रात विषाणूजन्य घशाचा कॅन्सर वाढतो आहे की नाही, हे आपल्याला आपल्याच आकड्यांवरून सांगता येईल.